पंख की हाल्टिअर: यूबीएक्स प्रकल्पाच्या नोंदी

८ जानेवारी २०२५

विभागाच्या रजिस्टरमध्ये प्रकल्पाचं नाव दोन ओळींचं आहे. साध्या भाषेत प्रश्न असा: फळमाशीतलं अल्ट्राबायथोरॅक्स, म्हणजे यूबीएक्स, हे जनुक थोडं थोडं कमी करत नेलं तर हाल्टिअर, म्हणजे माशीचा मागच्या पंखाच्या जागचा छोटा अवयव, कुठल्या टप्प्यावर पंख व्हायला लागतो? आणि पंखाची कुठली लक्षणं आधी दिसतात, कुठली शेवटी?

पुढच्या बॅचला हीच वही चाळायची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माशी, डास, चिलट या सगळ्या मंडळींना पंखांची एकच जोडी असते. छातीचे तीन खंड. दुसऱ्या खंडावर पंख, आणि तिसऱ्यावर, जिथे बाकीच्या कीटकांना मागचे पंख असतात तिथे, हाल्टिअर. बारीक देठ आणि त्याच्या टोकाला गोळा, बस. फळमाशीचे पंख सेकंदाला साधारण २०० वेळा हलतात, हाल्टिअरही तितक्याच वेळा, पण पंख वर जाताना तो खाली येतो. हवेत माशीचं अंग कलंडलं की देठाच्या बुडाशी असलेल्या संवेदी पेशींना ते कळतं आणि माशी तोल सावरते. हाल्टिअर काढून टाकले तर तिला धड उडता येत नाही.

१९१५ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत, कॅल्विन ब्रिजेस यांना एक माशी सापडली. तिच्या हाल्टिअरचा काही भाग पंखासारखा होता. त्या उत्परिवर्तनाला बायथोरॅक्स नाव पडलं. पुढे कॅलटेकमध्ये एड लुईस यांनी कित्येक दशकं हेच जनुकसंकुल (यूबीएक्स त्यातलंच) धरून ठेवलं, वेगवेगळी उत्परिवर्तनं एकत्र आणून पूर्ण चार पंखांची माशी तयार केली आणि १९७८ मध्ये सगळं काम एका निबंधात मांडलं. १९९५ च्या नोबेलमध्ये त्यांच्यासोबत नुसलाइन-फोलहार्ड आणि वीशाउस होते. लुईस यांचं बरंचसं काम जनुकाचा क्रम कुणी वाचण्याच्या आधीचं आहे. नुसती क्रॉसिंग (निवडक नर-माद्यांची जोडी लावणं), मोजणी आणि कागद. आमच्याकडे सगळी यंत्रं असून आम्ही आधी यंत्राकडे धावतो, हे आमच्या मार्गदर्शक मॅडमचं आवडतं वाक्य. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण कन्फोकल सूक्ष्मदर्शकाची वेळ मिळाली तर त्याही सोडत नाहीत.

११ जानेवारी

आज खाद्य. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, अगर. उकळून थोडं निवलं की प्रोपिऑनिक आम्ल आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं मिथाइलपॅराबेन, बुरशी धरू नये म्हणून. फार गरम असताना घातलं तर आम्लाचा निम्मा भाग वाफेबरोबर जातो आणि आठवड्याने व्हायलमध्ये (माश्या वाढवायच्या छोट्या बाटलीत) पांढरी लव दिसते. कर्नाटकातल्या काही प्रयोगशाळांत रवा आणि गूळ वापरतात, त्या खाद्यावरही माश्या मजेत वाढतात. आमचे मामा (अटेंडंट, विभागात सगळ्यात जुने) म्हणतात गुळाचं खाद्य ओतायला सोपं. पण स्टॉक (जपून वाढवलेले माश्यांचे वाण) आले त्या लॅबची रेसिपी मक्याची आहे आणि खाद्य बदललं की वाढीचा वेग बदलतो, त्यामुळे प्रकल्प संपेपर्यंत मकाच.

व्हायल ओतून वर मलमल टाकून ठेवल्या. सकाळी कापसाचे बोळे.

१६ जानेवारी

व्हर्जिन गोळा करणं सुरू. मादीने एकदा नराशी संग केला की ती शुक्राणू साठवून ठेवते आणि पुढे बरेच दिवस त्यावरच अंडी घालते. म्हणून क्रॉस लावायला कोऱ्या माद्याच हव्यात. २५ अंशांवर कोशातून बाहेर आलेली मादी साधारण आठ तास नराला जवळ येऊ देत नाही, १८ अंशांवर ही मुदत दुपटीच्या आसपास जाते. म्हणून रात्री बाटल्या रिकाम्या करून १८ ला ठेवायच्या, सकाळी आल्या आल्या निवडायच्या.

पॅडवर कार्बन डायऑक्साइड सोडला की माश्या आडव्या. बारीक ब्रशने एकेक उलटी करायची. नुकती बाहेर आलेली मादी फिकट असते, पंख पुरते उलगडलेले नसतात, आणि पोटाच्या पातळ कातडीतून डाव्या बाजूला गडद ठिपका दिसतो. अळी असताना खाल्लेल्याचा तो शेवटचा अवशेष. ठिपका दिसला की वयाची शंका उरत नाही. नर ओळखायला पुढच्या पायावरचा काळा कंगवा बघायचा. पोटाच्या रंगावर जाऊ नका, कोवळ्या नराचं पोटही फिकटच असतं.

२४ जानेवारी

मुख्य क्रॉस लागला.

यूबीएक्स पूर्ण बंद केलं तर माशी प्रौढ होतच नाही, आधीच मरते. हे जनुक तिला फक्त हाल्टिअरपुरतं लागत नाही, छातीच्या मागच्या भागापासून पोटाच्या पहिल्या खंडापर्यंत बरंच काही त्यावर चालतं. म्हणून हाल्टिअर आणि पंख जिथून घडतात तेवढ्याच पेशींत ते कमी करायचं. त्यासाठी गॅल४-यूएएस. ब्रँड आणि पेरिमन यांनी १९९३ मध्ये ही पद्धत माशीत बसवली. यीस्टमधलं गॅल४ हे प्रथिन माशीच्या एका जनुकाच्या नियंत्रणाखाली ठेवायचं. आमच्याकडे नबिन जनुकाचं आहे, म्हणून नब-गॅल४. ते पंखाच्या आणि हाल्टिअरच्या पात्याच्या भागात चालू असतं. दुसऱ्या माशीत यूएएस, म्हणजे गॅल४ जिथे बसतं तो डीएनएचा तुकडा, आणि त्याच्या पुढे यूबीएक्सविरुद्धचं आरएनएआय, म्हणजे आरएनएच्या मदतीने जनुक दाबण्याची सोय. दोन्ही वेगवेगळ्या माश्यांत असेपर्यंत काहीच होत नाही. पिल्लांत दोन्ही एकत्र आले की गॅल४ यूएएसवर बसतं, दुहेरी आरएनए बनतो आणि यूबीएक्सचा संदेशवाहक आरएनए तुकडे होऊन संपतो.

यातली सोय म्हणजे पंखाच्या पात्यात यूबीएक्स मुळात नसतंच. तेव्हा पंख जसाच्या तसा राहायला हवा. पंखही बिघडले तर आरएनएआय भलत्याच कशावर तरी चालतंय असं समजायचं. एकाच माशीत प्रयोग आणि तपासणी, दोन्ही.

गॅल४ गरम तापमानाला जास्त जोमाने चालतं. म्हणून तेच क्रॉस १८, २५ आणि २९ अंशांवर. प्रत्येक तापमानाला वेगळा कंट्रोल (तुलनेचा गट), त्यात यूबीएक्सऐवजी ल्युसिफेरेजविरुद्धचं आरएनएआय. ल्युसिफेरेज हे काजव्याचं जनुक, फळमाशीत नाहीच.

५ फेब्रुवारी

२९ अंशांच्या व्हायलमधून माश्या दोनतीन दिवसांपूर्वीच बाहेर आल्या, २५ च्या कालपासून. दोन्ही एकत्र बघायच्या म्हणून थांबले होते.

आधी कंट्रोल. हाल्टिअर नेहमीचा: पिवळसर, गोल, गुळगुळीत, पंखाखाली दडलेला. शोधावा लागतो.

मग २५. पंख बाजूला सारायच्या आधीच काहीतरी डोकावत होतं. गोळा टपोरा झालेला, एका कडेने ताठ काळ्या केसांची रांग. पंखाच्या पुढच्या काठावर असते तशीच रांग, फक्त आखूड आणि मधेमधे तुटलेली. हाल्टिअरच्या गोळ्यावर असे केस कधीच नसतात. झूम वाढवून किती वेळ बघत बसले ते लिहीत नाही, सीनियर हसतील.

२९ मध्ये आकार आणखी मोठा, गोलपणा गेलेला. चपटा, सुरकुतलेला पापुद्रा, त्यात गडद रेघांचे तुकडे. त्या शिरा आहेत असं मला वाटतं, सीनियरच्या मते घड्याही असू शकतात. काचपट्टीवर माउंट करून बघितल्यावर ठरेल. पंख दोन्ही तापमानांना नीट.

चार पंखांची माशी म्हणून लुईस यांचा जो फोटो सगळ्या पाठ्यपुस्तकांत असतो, तसं सुबक काही इथे नाही. आरएनएआयने जनुक कमी होतं, नाहीसं होत नाही. पण आम्हाला हवंच ते होतं, अर्धवट.

१४ फेब्रुवारी

१८ अंशांच्या माश्या अखेर आल्या. या तापमानाला पिढी जवळपास दुप्पट वेळ घेते. हाल्टिअर किंचित मोठा, एवढंच. बहुतेकांवर केस नाहीत, एखादीवर एखादा.

दुपारी लॅब मीटिंग. मॅडमचा पहिला प्रश्न: तापमानाने नुसता आकार बदलत नाही कशावरून? बरोबर, थंडीत वाढलेल्या माश्या एकूणच मोठ्या होतात. म्हणून प्रत्येक तापमानाचा कंट्रोल होता. तिन्ही कंट्रोलमध्ये हाल्टिअर गुळगुळीत, केस कुठेच नाहीत. दुसरा प्रश्न: एकाच आरएनएआयवर भिस्त का? यावर उत्तर नव्हतं. जनुकाच्या वेगळ्या तुकड्यावर बेतलेली दुसरी लाइन मागवायची ठरलं.

शेवटी सीनियरने टीएम२ काढला. टीएम२ हा आमच्या फ्रिजमधल्या कित्येक स्टॉकमध्ये असलेला बॅलन्सर गुणसूत्र (जोडीदार गुणसूत्र अखंड टिकवणारं, सहज ओळखता येणारं), त्यावर यूबीएक्सची बिघडलेली प्रत असते. म्हणजे टीएम२ असलेल्या माशीत यूबीएक्सची एकच प्रत काम करते, आणि तिचे हाल्टिअर थोडेसे मोठे असतात. वर्षानुवर्षं लोक या खुणेवरून टीएम२ ओळखतात. प्रमाण अर्ध्यावर आलं तरी फरक दिसतो, याचा पुरावा रोज ब्रशखालून जात होता. शेजारी ठेवून बघितलं तर टीएम२ चा हाल्टिअर माझ्या १८ अंशांच्या माशीच्या जवळ जातो.

आम्ही बीएस्सीला असताना होमिओटिक जनुकांना, म्हणजे कुठल्या खंडावर कुठला अवयव येईल ते ठरवणाऱ्या यूबीएक्ससारख्या जनुकांना, बटण म्हणायला शिकलो. इकडे दाबलं तर पंख, तिकडे दाबलं तर हाल्टिअर. समोर जे दिसतंय ते पंख्याच्या रेग्युलेटरच्या जास्त जवळ आहे.

२८ फेब्रुवारी

विज्ञान दिन, विभाग शाळांना खुला. आमच्या टेबलावर तीन स्कोप: पांढऱ्या डोळ्यांची माशी, कुरळ्या पंखांची, आणि आमची २९ अंशांची. सातवी-आठवीची पोरं रांगेत ढकलाढकली करत होती, स्कोपला डोळा लावला की मात्र चिडीचूप.

एका मुलीने विचारलं, चार पंख झाल्यावर माशी जास्त जोरात उडते का? उत्तम प्रश्न. लुईस यांच्या चार पंखांच्या माशीलाही उडणं जमत नाही. एकतर तोल सांभाळणारे हाल्टिअर गेले. दुसरं, पंख हलवणारे छातीतले मोठे स्नायू दुसऱ्या खंडात असतात, तिसऱ्या खंडावर पंख उगवला म्हणून त्याच्या आत तसे स्नायू तयार होत नाहीत. बाहेरून पंख आणि आतून इंजिन नाही. मुलीला हे पटलं, पण ती हिरमुसली.

एका आईने विचारलं की माणसात पण असतात का अशी जनुकं. असतात. १९८३-८४ मध्ये बाझेलला गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत आणि अमेरिकेत स्कॉट यांना या जनुकांत १८० अक्षरांचा एक सारखा तुकडा सापडला, होमिओबॉक्स. त्यातून साठ अमिनो आम्लांचा जो भाग तयार होतो तो डीएनएला धरतो. तोच तुकडा मग बेडूक, उंदीर, माणूस सगळ्यांत मिळाला. माणसात अशी ३९ हॉक्स जनुकं चार गुणसूत्रांवर चार गटांत आहेत, आणि गटातला त्यांचा क्रम साधारण शरीरावरच्या डोक्याकडून खाली जाणाऱ्या क्रमाशी जुळतो. त्यातल्या हॉक्सडी१३ मध्ये ठरावीक बदल झाला तर हातापायाची बोटं जुळलेली किंवा जास्तीची येतात. हे ऐकल्यावर त्यांनी लगेच मुलाची बोटं तपासल्यासारखं केलं आणि आम्ही सगळेच हसलो.

दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न: अमुक गोष्टीचं जनुक कोणतं? उंचीचं, हुशारीचं, रागाचं. नाक आजीवर गेलंय म्हणण्यापर्यंत ठीक, पण नाकाचं जनुक असा एक डबा असतो ही समजूत कशी काढायची हे मला अजून जमलेलं नाही. मी दरवेळी हाल्टिअरकडे बोट दाखवत होते.

६ मार्च

मार्चपर्यंतचं खरं काम क्रॉसच्या वहीत आहे, इथे थोडक्यात. दुसरा भाग वेळेचा: यूबीएक्स कधी कमी केलं तर काय होतं. त्यासाठी गॅल८०-टीएस. हे प्रथिन १८ अंशांवर गॅल४ ला दाबून ठेवतं, २९ वर स्वतः निकामी होतं. म्हणजे व्हायल एका इन्क्युबेटरमधून दुसऱ्यात नेली की आरएनएआय चालू.

नब-गॅल४ दुसऱ्या गुणसूत्रावर, गॅल८०-टीएस तिसऱ्यावर. दोन्ही एका स्टॉकमध्ये आणायला डबल बॅलन्सरमधून (दोन्ही गुणसूत्रांचे बॅलन्सर असलेल्या माशीतून) जावं लागतं. दोन्हीकडून गेल्या महिन्यात सुरुवात केलेली, आता पिल्लांतून निवड चालू. कुरळे पंख म्हणजे सीवायओ हा बॅलन्सर आहे, खांद्यावर जादा केस म्हणजे टीएम६बी हा बॅलन्सर आहे. दोन्ही खुणा असलेले नर-मादी हवेत. टीएम६बी चा आणखी एक फायदा पुढे होणार: त्यावर टबी ही खूण असते, त्यामुळे अळीही आखूड आणि जाड दिसते. डिस्सेक्शनच्या वेळी जाड अळ्या बाजूला, लांब अळ्या कामाच्या.

बॅलन्सर गुणसूत्रं उलटसुलट जोडलेली असतात, त्यामुळे त्यांची जोडीदाराशी अदलाबदल टिकत नाही आणि समोरचं गुणसूत्र अखंड पुढच्या पिढीत जातं. शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांनी नुसत्या क्रॉसवरून हे शोधलं आणि आजही सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

१९ मार्च

स्टेनिंग. हा भाग मनासारखा झाला.

तिसऱ्या अवस्थेची, भिंतीवर चढणारी अळी घ्यायची. पीबीएस या क्षारद्रावणाच्या थेंबात चिमट्याने मधोमध तोडायची, तोंडाकडचा अर्धा भाग मोज्यासारखा उलटा करायचा. चरबी आणि आतडं हळूच दूर केलं की श्वासनलिकेजवळ डिस्क (प्रौढ अवयव ज्यांतून घडतात ते पेशींचे चपटे गट) दिसतात: पंखाची मोठी, आणि मागे तिसऱ्या पायाच्या डिस्कला लागून हाल्टिअरची छोटी. पहिल्यांदा बघणाऱ्याला हाल्टिअरची डिस्क सापडत नाही, पायाचीच उचलली जाते. पायाच्या डिस्कमध्ये एकात एक वर्तुळं असतात, हाल्टिअरची लहानशा पंख-डिस्कसारखी दिसते. चार टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये वीस मिनिटं, धुणं, ब्लॉकिंग, मग ठरावीक प्रथिनालाच चिकटणारं प्रतिपिंड.

यूबीएक्सचं आणि विंगलेसचं (पंखाचा काठ घडवणारं प्रथिन), अशी दोन्ही प्रतिपिंडं उंदराची. एकाच डिस्कवर एकत्र लावली तर दुय्यम प्रतिपिंडाला दोघांतला फरक कळत नाही. म्हणून अर्ध्या अळ्या यूबीएक्ससाठी, अर्ध्या विंगलेससाठी. केंद्रकांसाठी डॅपी हा रंग.

यूबीएक्स: कंट्रोलच्या हाल्टिअर डिस्कमध्ये पात्याचा भाग भरून चमकतो. २९ च्या प्रयोगात तोच भाग काळपट, आणि कडेने, जिथे नब-गॅल४ चालत नाही, चमक तशीच. एका डिस्कमध्येच सीमा दिसते.

विंगलेस: पंखाच्या डिस्कमध्ये पाठीकडचा आणि पोटाकडचा भाग जिथे मिळतो तिथे याची सलग रेघ असते, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत. पंखाचा काठ तिथेच घडतो. नेहमीच्या हाल्टिअर डिस्कमध्ये ही रेघ पुढच्या अर्ध्या भागातच असते, मागच्या भागात यूबीएक्स ती उमटू देत नाही. प्रयोगातल्या डिस्कमध्ये रेघ मधली हद्द ओलांडून मागे गेली होती. सगळ्यांत नाही आणि सगळीकडे सारख्या जाडीची नाही, पण गेली होती. पात्याचा भागही कंट्रोलपेक्षा मोठा.

प्रौढ माशीच्या टपोऱ्या गोळ्यावर जी केसांची रांग दिसली तिचं मूळ हे. इथे ते केस अजून नाहीत, माशीही नाही, पेशींचा चपटा पिशवीवजा थर आहे आणि त्यात कुणाला कुठे काय व्हायचंय हे ठरत चाललंय.

कन्फोकलवर शेवटचा स्लॉट माझा होता, त्यामुळे जास्तीचे झेड-स्टॅक (वेगवेगळ्या खोलीवरच्या प्रतिमांचे संच) घेऊन ठेवले.

२ एप्रिल

दुपारी दोन वेळा वीज गेली. जनरेटरवर इन्क्युबेटर आहेत, पण १८ चा परत थंड व्हायला वेळ घेतो आणि लॅबचं तापमान चाळिशीच्या जवळ. गॅल८०-टीएस असलेल्या माश्यांना मधेच गरम झालं तर आरएनएआय नको तेव्हा सुरू होणार. त्या दिवशी आत असलेल्या सगळ्या व्हायल मामांनी लाल टेपने खुणावल्या, विश्लेषणातून बाहेर. अंड्यांपासून नवा क्रॉस.

मूळ स्टॉक वातानुकूलित खोलीत हलवले. तिशीच्या पुढे नर वांझ होतात.

३० एप्रिल

वेळेच्या प्रयोगाचे निकाल. चार गट: सुरुवातीपासून २९ वर, तिसऱ्या अवस्थेच्या आरंभी हलवलेला, कोश धरताना हलवलेला, आणि शेवटपर्यंत १८ वर राहिलेला. शेवटचा गट कंट्रोलसारखाच, म्हणजे गॅल८० नीट दाबून ठेवतंय.

सुरुवातीपासूनचा गट फेब्रुवारीच्या २९ सारखा. तिसऱ्या अवस्थेत हलवलेल्यांचा आकार मधला, कडेला केस थोडे. अपेक्षितच.

कोश धरताना हलवलेला गट मात्र बघण्यासारखा. स्कोपखाली आधी काहीच दिसलं नाही, हाल्टिअर नेहमीएवढाच, केसांची रांग नाही. मी तो "परिणाम नाही" म्हणून नोंदवणार होते तेवढ्यात सीनियर म्हणाला, ग्लिसरॉलमध्ये माउंट करून चाळीसच्या लेन्सखाली बघ. पंखाची प्रत्येक पेशी चपटी पसरते आणि तिच्यातून एकच सूक्ष्म केस निघतो, त्यामुळे पंखावर हे सूक्ष्म केस दूर दूर असतात. हाल्टिअरच्या पेशी पसरत नाहीत, म्हणून तिथे त्यांची दाटी. माझ्या उशिरा हलवलेल्या माश्यांत ही दाटी विरळ झाली होती, ठिकठिकाणी, पट्ट्यापट्ट्यांनी. आकार हाल्टिअरचा आणि कातडी पंखाची.

केंब्रिजच्या एकॅम यांच्या गटाने २००० मध्ये पेशींच्या आकाराबद्दल हे दाखवलं होतं, आणि २०११ मध्ये हेही की यूबीएक्स वाढीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळ्या जनुकांवर काम करतं. वाचलेलं होतं. तरी स्वतःच्या स्लाइडवर दिसणं वेगळं. यूबीएक्स सुरुवातीला एकदा हुकूम देऊन निघून जात नाही. ते शेवटपर्यंत त्या पेशींत बसून असतं: आधी वाढ रोखतं, मग काठ रोखतं, मग पेशींना पसरू देत नाही.

एक अडचण नोंदवायलाच हवी. तापमान बदलल्यावर आरएनएआय सुरू होतं, पण आधी तयार झालेलं यूबीएक्स प्रथिन लगेच नाहीसं होत नाही. म्हणजे "कोश धरताना" हा शब्द प्रत्यक्षात त्यानंतरची काही वेळ असा वाचायचा. किती वेळ, ते ठरवायला दर काही तासांनी स्टेनिंग करावं लागेल.

दुसऱ्या आरएनएआय लाइननेही २५ आणि २९ वर तोच परिणाम दिला, थोडा सौम्य. मॅडमचा फेब्रुवारीतला प्रश्न मिटला.

९ मे

जर्नल क्लब माझा होता, विषय इतर कीटक. वाचायला लागले आणि प्रकल्पाकडे बघण्याची दिशाच बदलली.

फुलपाखराला मागचे पंख असतात, छान मोठे, आणि त्यातही यूबीएक्स भरपूर असतं. तरी ते हाल्टिअर होत नाहीत. तिथे यूबीएक्स नाहीसं झालं तर मागच्या पंखाच्या त्या ठिकाणी पुढच्या पंखाची नक्षी येते. पिठात होणारा तांबडा किडा, ट्रायबोलियम, त्याचा पुढचा पंख म्हणजे वरचं कडक झाकण आणि मागचा पंख पातळ, उडण्याचा. त्यात २००५ मध्ये यूबीएक्स काढून बघितलं तर मागचा पातळ पंख झाकणासारखा कडक झाला. फळमाशीत यूबीएक्स पंख होऊ देत नाही, आणि या किड्यात तेच जनुक पंख पंखासारखा ठेवतं! सगळ्यांत समान एवढंच की तिसऱ्या खंडाला दुसऱ्यापेक्षा वेगळं ठेवायचं. वेगळं म्हणजे कसं, हे यूबीएक्समध्ये लिहिलेलं नाही.

मग कुठे? यूबीएक्स ज्या जनुकांना धरतं त्यांच्या नियंत्रक तुकड्यांत. फळमाशीत ते व्हेस्टिजियल, विंगलेस, स्पॉल्ट या पंख घडवणाऱ्या जनुकांना दाबतं. स्पॉल्टच्या बाबतीत ते नियंत्रक डीएनएवर थेट बसून दाबतं हे दाखवलेलं आहे. फुलपाखरात या यादीतली बरीच जनुकं मागच्या पंखात खुशाल चालू असतात. इथे पुण्याचा संबंध येतो. एल. एस. शशिधरा हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत आणि नंतर पुण्याच्या आयसर या संस्थेत याच प्रश्नावर काम करत होते. इतर कीटकांचं यूबीएक्स फळमाशीच्या पंखात चालवलं तरी पंख हाल्टिअरच्या दिशेने झुकतो, हे त्या कामातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. म्हणजे प्रथिनाची क्षमता जुनीच, ज्यांच्यावर ते हुकूम चालवतं त्यांची यादी माशीच्या घराण्यात बदलत गेली.

चर्चेत एका ज्युनियरने विचारलं, मग हाल्टिअरचं जनुक कोणतं? विज्ञान दिनाच्या पोरांचाच प्रश्न, पण या वेळी उत्तर देता आलं. हाल्टिअर करणारी जनुकं जवळपास सगळी पंख करणारीच आहेत. कुठलं किती आणि कधी चालू राहील, यात फरक आहे. यूबीएक्स त्या मोजमापाचा मुकादम. विटा त्याच्याकडे नाहीत.

मॅडम म्हणाल्या, मुकादम हा शब्द रिपोर्टमध्ये नको.

२० मे

रिपोर्टचा पहिला मसुदा दिला. आकृत्यांचा क्रम: आधी तिन्ही तापमानांचे हाल्टिअर, टीएम२ शेजारी. मग विंगलेसची रेघ. शेवटी वेळेचा प्रयोग, सूक्ष्म केसांच्या फोटोसह. २९ अंशांच्या पापुद्र्यातल्या गडद रेघा माउंट केल्यावर शिराच ठरल्या, पण तुटक. सीनियरला चहा लागू.

एक गोष्ट मसुद्यात आली नाही, पण वहीत असू दे. यूबीएक्स जनुक सुमारे ७७ हजार अक्षरांचं आहे, फळमाशीच्या मानाने अवाढव्य. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक प्रत उतरवायला जवळपास तास जातो. कोवळ्या भ्रूणात पेशी त्याहून भराभर विभागतात, विभाजन सुरू झालं की अर्धवट उतरलेली प्रत सोडून दिली जाते. म्हणजे जनुक चालू असूनही त्याचं प्रथिन मिळायला विभाजनं मंदावेपर्यंत थांबावं लागतं. नुसत्या लांबीने वेळ ठरते. पुढच्या बॅचमधल्या कुणाला यावर प्रकल्प सुचला तर मॅडमना जरूर विचारा, मी विचारलं तेव्हा त्यांनी नाही म्हटलं नाही.

उरलेलं: प्रथिन किती तासांनी उतरतं त्याचं स्टेनिंग (जूनमध्ये, कन्फोकलचा स्लॉट मिळाला तर). नब-गॅल४, गॅल८०-टीएस स्टॉकचे दोन संच, एक १८ ला आणि एक शेजारच्या लॅबमध्ये सांभाळायला दिलाय. दोन्हीकडे दर तीन आठवड्यांनी फ्लिप करायचे (माश्या ताज्या व्हायलमध्ये हलवायच्या), पावसाळ्यात माइट्स (बारीक कोळीवर्गीय किडे) वाढतात तेव्हा व्हायलचे बोळे घट्ट बसवा आणि ट्रेखालचा कागद दर आठवड्याला बदला. आरएनएआयच्या दोन्ही लाइन्स निळ्या ट्रेमध्ये आहेत, ल्युसिफेरेज कंट्रोल त्याच ट्रेच्या शेवटच्या रांगेत.